विरून जाणारी परांची

४ मार्च

बारक्या,

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून हे कागदावर. बोगद्याच्या कंपनीच्या पत्त्यावर टाकते आहे. तुमच्या छावणीवर सामानाची गाडी येते असं तू एकदा म्हणाला होतास. बटाट्याच्या पोत्यांबरोबर हेही येईल. बटाटे घेशील तर पत्रही घे.

आई बरी आहे. पहिल्या ओळीत तू तेच शोधत असशील. टाचेवरची जखम होती तेवढीच आहे, साखर थोडी खाली आली आहे, जीभ होती तशीच आहे. काल ड्रेसिंग करताना मला म्हणाली की अर्धं आयुष्य बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडली तेव्हा या टाचेने हूं की चूं केलं नाही, आता गादीवर ठेवली तर नखरे.

तू गेल्यानंतर पहिले काही दिवस मी तुझ्यावर चिडले होते. आता चिडायलाही अंगात बळ नाही, त्यामुळे नीट लिहू शकते. तू म्हणालास, "किड्याच्या थुंकीवर आईचा जीव टांगू नकोस. पाय कापा आणि मोकळे व्हा." आई पलीकडच्या खोलीत होती आणि भिंत किती पातळ आहे ते तुला माहीत आहे. तिने ऐकलं. मला वाटतं, तू गेलास तो माझ्यामुळे नाही, तिने ऐकलं हे कळल्यामुळे गेलास. चूक असेन तर लिहून कळव.

थुंकी म्हणायची तर म्हण. किडा ती तोंडातूनच काढतो हे खरंच आहे. पण आमच्या प्रयोगशाळेत जे येतं ते फक्त रेशमाच्या किड्याचे रिकामे कोष, पोतं भरून, वजनाला काही नाही. मी ते कात्रीने उभे कापते, आतली सालं झटकते आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळते. रेशमाच्या धाग्यावर एक डिंक असतो. तो राहिला तर शरीर भडकतं, म्हणून तो सगळा जायला हवा. उरतो तो शुद्ध धागा, ओल्या कापसासारखा. तो वाळवायचा, एका खास मिठाच्या दाट पाण्यात विरघळवायचा, मग मीठ काढून टाकायचं, आणि यंत्रातून त्याचे इतके बारीक तंतू काढायचे की ते थरावर थर बसून पातळ जाळी होते. तळहाताएवढी चकती. ओल्या टिशू पेपरसारखी दिसते.

तू बांधकामाचा माणूस आहेस, तुझ्या भाषेत सांगते. ही परांची आहे. आईच्या मांडीवरून तांदळाच्या दाण्याएवढी कातडी घेतली आहे. तिच्या पेशी वाढवायच्या, या परांचीवर चढवायच्या आणि ती चकती जखमेवर ठेवायची. पेशी आपलं घर बांधतात. फरक एवढाच की तुमच्याकडे काम झालं की परांची सोडवायला माणसं लागतात, ही आपोआप विरून जाते.

माझी आईच असल्यामुळे तिच्या पेशींना हात लावायची मला परवानगी नाही. नियम बरोबर आहे. त्या ज्या काचेच्या थाळीत वाढतात ती माझी कामावरची जोडीदार सांभाळते. तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण ती रिकाम्या हाताने चाललेली कुणी पाहिलेली नाही. रेशीम मात्र मीच शिजवते, सगळ्यांसाठी एकाच पातेल्यात. कुठली चकती आईला जाईल ते मला कळत नाही.

उत्तर दे. दोन शब्द लिहिलेस तरी चालतील.

ताई


१९ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, गाडी उशिरा आली असेल.

एक गोष्ट सांगायची आहे आणि ती ऐकून तू "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणशील, म्हणून दोन दिवस लिहायचं टाळलं. आईच्या थाळीत बुरशी आली. मुंगी सकाळी आली आणि थाळ्या उबेला ठेवायचं कपाट उघडून तशीच उभी राहिली. मला काचेबाहेरून दिसलं. तिच्या हातात काही नव्हतं, त्यावरूनच मी समजले. अख्खी थाळी टाकून द्यावी लागली. कुणाची चूक म्हणता येत नाही. हे होतं. दुसऱ्यांचं होतं तेव्हा मीच त्यांना सांगते की हे होतं.

आता मांडीवरून दुसरा दाणा घेतला. आई डॉक्टरांना म्हणाली, "घ्या, घ्या. असं थोडं थोडं घेत राहिलात तर शेवटी पाय कापायला काही उरणारच नाही, प्रश्नच मिटेल." डॉक्टरांना हसावं की नाही ते कळेना. हे पायाचे डॉक्टर, तू पाहिले आहेस, ते उंच, सारखा चष्मा पुसणारे.

माझं म्हणशील तर सकाळी तिचं ड्रेसिंग, मग बस, मग पातेलं, मग परत बस, मग पुन्हा ड्रेसिंग. हातांना सोड्याचा वास येतो, बोटांच्या पेरांना भेगा पडल्या आहेत. काल बसमध्ये उभ्या उभ्या झोप लागली आणि शेजारच्या बाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या बिचाऱ्या हलल्या नाहीत. मला जागा करून दिली असती तर बरं झालं असतं, पण माणसाने किती मागावं.

शेजारच्या काकू दुपारी आईजवळ बसतात. त्या नसत्या तर मी हात टेकले असते.

जखम? जखम आहे तेवढीच आहे, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. आता थोडी खोल झाली आहे. थोडीच.

ताई


२ एप्रिल

बारक्या,

घाईत लिहिते आहे. सगळं ठीक आहे. आईला जरा ताप होता, म्हणून दोन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं आहे. सलाईन चालू आहे. तापही उतरतो आहे. खिडकीजवळची खाट मिळाली म्हणून ती खूश आहे. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईंना "पुढे सरका" म्हणत तिने आपलं टेबल पुढे ढकललं.

चकतीचं काम नीट चाललं आहे. मुंगी म्हणते, या वेळच्या पेशी चिवट आहेत.

काळजी करू नकोस.

ताई

वर लिहिलं ते वाचून पाहिलं आणि पाकीट चिकटवता येईना. ताप उतरत नाही आहे. पायाचं धाकटं बोट काळं पडलं आहे. काल त्याच्या शेजारचंही. आता चिकटवते.


९ एप्रिल

बारक्या,

आईने सांगितलं होतं की तुला कळवायचं नाही. "त्याचं म्हणणं खरं झालं हे त्याला कळलं तर आयुष्यभर मान खाली घालून फिरेल," असं म्हणाली. मला वाटलं होतं, ती म्हणेल की तू मान वर करून फिरशील. आई तुला माझ्यापेक्षा जास्त ओळखते.

पाय गेला. गुडघ्याखालून. काल झालं. ती शुद्धीवर आहे, दूध प्यायली.

कसं झालं ते सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले की विष वर चढतं आहे. मी म्हणाले, दुसरी चकती तयार होत आली आहे, थोडे दिवस थांबा. त्यांनी चष्मा काढला आणि फार सावकाश म्हणाले की चकती जिवंत मांसावर लावतात. बारक्या, हे मला माहीत आहे. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला हे मीच पहिल्या दिवशी शिकवते. परांचीखाली जमीन लागते. तरीही मी त्यांच्याशी वाद घालत राहिले. आपण बाजूला उभे आहोत असं मला वाटत होतं, पण आई पाच पावलांवर होती आणि तिचे कान अजून कंडक्टरचे आहेत.

"तुमचं दोघांचं बोलून झालं असेल तर मी बोलू?" ती म्हणाली.

आम्ही दोघं तिच्या खाटेजवळ गेलो. तिने विचारलं, "कुठून कापणार?"

डॉक्टरांनी चादरीवरून बोटाने दाखवलं.

"गुडघा राहील?"

"राहील."

"मग कापा. स्टॉप आला की उतरावं माणसाने." मग माझ्याकडे वळली. "तुला रडायचं असेल तर बाहेर जाऊन ये. येताना चहा घेऊन ये."

मी गेले. रडू आलं नाही. चहा आणला आणि त्यात साखर घातली. तिला साखर चालत नाही हे आणून ठेवल्यावर लक्षात आलं. तिने तो पटकन पिऊन टाकला, मी परत न्यायच्या आत.

तुझ्या बोगद्यावरच्या त्या माणसाचं मला आठवत होतं, ज्याचा पाय यंत्रात चिरडला, आणि घरचे वैदूंच्या मागे लागून थांबले आणि तो गेला. तू त्याला खांद्यावरून गाडीपर्यंत आणलं होतंस. हे तू आईला सांगितलंस, मला कधीच नाही. तिच्याकडून मला परवा कळलं. तू आपल्या स्वयंपाकघरात ओरडत होतास तेव्हा मला वाटलं, याला सोपा मार्ग हवा आहे. तू घाबरला होतास. तेवढंच.

मला वाटत होतं की पाय वाचवते आहे. आणि तुला वाटत होतं की आईला वाचवतो आहेस. आपण एकच गोष्ट बोलतो आहोत असं समजून दोघंही घसा बसेपर्यंत भांडलो.

ताई


२८ एप्रिल

बारक्या,

तुला वाटलं असेल, संपलं. मलाही वाटलं होतं.

टाके काढल्यावर कापलेल्या जागेची कड उसवली. साखरेमुळे. आधी नखाएवढी, मग वाढत गेली. रोज ड्रेसिंग, रोज तेच. पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टर आता म्हणतात की भरली नाही तर गुडघ्यावरून कापावं लागेल. गुडघा असला तर नकली पायावर चालता येतं, बऱ्यापैकी. गुडघा गेला तर या वयात कठीण. आईला त्यांनी हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा ती काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिची विनोद करायची शक्ती संपली हे मला तिच्या तापापेक्षा जास्त भीतीचं वाटलं.

आता ऐक. टाचेसाठी केलेली चकती तयार आहे. टाच राहिली नाही, म्हणून नियमाप्रमाणे ती फेकायची. मुंगीने फेकली नाही. रोज पेशींना खाणं देत राहिली, कुणाला न विचारता. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाली, "ताई, खालची जमीन आता जिवंत आहे ना?" मला हे सुचलं नव्हतं. इतकी थकले आहे की डोक्यात टाच म्हणजे टाच एवढंच राहिलं होतं.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या की हे प्रयोगाच्या चौकटीत बसत नाही, समितीपुढे न्यावं लागेल, आणि समिती नाही म्हणाली तर कुणी चिडायचं नाही. डॉक्टर ना हो म्हणाले ना नाही. उघडी जखम, त्यात बाहेरची वस्तू, पुन्हा जंतू गेले तर आज गुडघा जाणार तो उद्या जीव जाईल, असं म्हणाले. खोटं नाही ते.

मुंगीने मला त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाच्या स्टुलावर बसवलं. "हात लावायचा नाही, बघायला बंदी नाही," म्हणाली. मी बघितलं. तंतूंची जाळी, आणि तिच्यावर पेशी, पाय रोवून, लांब होऊन, एका तंतूवरून पलीकडच्या तंतूवर टेकलेल्या. मधल्या फटी त्यांनी स्वतःच बुजवत आणल्या होत्या. असं मी वर्षानुवर्षं बघते आहे. प्रत्येक वेळी ते कुणाचं तरी असतं आणि त्याला एक क्रमांक असतो. या वेळी मी सवयीने कडा मोजायला लागले आणि मध्येच थांबले. खाटेवरची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि इथे तीच कामाला लागली होती, कुणी सांगितलं नसताना, उजेड बंद असताना. मला तिथे रडू आलं. मुंगी भिंग पुसायचं कापड घेऊन आली आणि तेच माझ्या हातात दिलं.

या वेळी तुला विचारते आहे. लावावी की गुडघ्यावरून कापू द्यावं? मागच्या वेळी तू बरोबर होतास. या वेळी मला माझ्या मतावर भरवसा नाही. मी ते रेशीम शिजवलं आहे, मला ते चांगलंच दिसणार. समितीला आठवडा लागेल. तोवर कळव.

ताई


१० मे

बारक्या,

तुझं काही आलं नाही. रोज जिने उतरून खालची टपालाची पेटी बघून आले.

समितीने हो म्हटलं, दहा अटी घालून. मी आईला सांगायला गेले. वाटलं होतं की समजवावं लागेल, चित्रं काढावी लागतील. ती म्हणाली, "लावा." मी म्हणाले, धोका काय तो तरी ऐक. तिने सगळं ऐकलं आणि परत म्हणाली, "ऐकलं. लावा." इतकी तयार कशी झाली ते कळलं नाही.

काल लावली. मला खोलीत येऊ दिलं नाही, काचेतून बघितलं. डॉक्टरांनी चिमट्याने चकती उचलली तेव्हा ती कडेला दुमडली. त्यांनी ती पुन्हा द्रवात सोडली, उलगडू दिली, आणि दुसऱ्यांदा अलगद टेकवली. आई छताकडे बघत होती. नंतर म्हणाली, काही कळलं नाही, ओला कागद ठेवल्यासारखं वाटलं, एवढ्यासाठी एवढा गाजावाजा.

आता पट्टी उघडायची नाही. बघायचंही नाही. फक्त वास घ्यायचा, ताप बघायचा आणि वाट बघायची. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला आता कळलं. तो सारखा धडधडत नाही. तो नुसता लटकून राहतो, आणि खाली आपण भाजी चिरतो, बस पकडतो, पातेलं घासतो.

ताई


६ जून

बारक्या,

भरली.

सगळी नाही. एका कोपऱ्यात अजून ओलसर आहे आणि तिथे रोज औषध लागतं. पण बाकी जागेवर गुलाबी, पातळ, नवी कातडी आहे. गुडघा राहणार. डॉक्टरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, वाकून बघितलं, आणि माझ्याशी हात मिळवला. त्यांनी कधी कुणाशी हात मिळवलेला मी पाहिला नव्हता. मॅडम म्हणाल्या की हे आपल्या यशात मोजता येणार नाही, एकच रोगी, तोही चौकटीबाहेरचा. बरोबर आहे. कदाचित ती नुसत्या ड्रेसिंगनेही भरली असती. माझं काम असं आहे की आनंदाच्या दिवशीही "कदाचित" म्हणावं लागतं. मुंगी मात्र दिवसभर रिकाम्या हाताने फिरत होती.

रेशीम आता आत कुठेतरी विरत असेल. शोधायला गेलं तर सापडणार नाही.

आता मुद्द्याचं. काल आईला नकली पायाचं माप द्यायला नेलं. वाटेत गाडीत ती सहज म्हणाली, "बारक्याला पण सांगितलं मी सकाळी." मी विचारलं, कसं सांगितलंस? तर म्हणाली, "फोनवर. कसं म्हणजे?"

काकूंच्या फोनवर. दर रविवारी, मी बाजारात गेले की, आणि मध्ये काही घडलं की तेव्हाही; हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा काकू भेटायला आल्या की. मार्चपासून! म्हणजे मी तुला ताप उतरतो आहे असं लिहीत होते तेव्हा तुला तापाचा आकडासुद्धा माहीत होता. मी पत्रात काय लपवते तेही तुला ठाऊक होतं. मी गाडीत इतकी हसले की ड्रायव्हरने आरशात बघितलं. मग हसता हसता पुढचं सगळं आईने सांगितलं.

पाय कापायच्या आदल्या दिवशी तिने तुला विचारलं होतं की काय करू, आणि तुला "काप" म्हणता आलं नाही. स्वयंपाकघरात इतक्या मोठ्याने म्हणालास, फोनवर शब्द फुटला नाही. तू नुसता रडलास आणि तिलाच तुझी समजूत घालावी लागली. आणि चकतीचं माझं पत्र तुला मिळालं तेव्हा तू तिला म्हणालास, "आई, ताईला विचार. तिला त्यातलं कळतं. ती म्हणेल तसं कर."

बारक्या, हे एक वाक्य मला लिहून पाठवलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? मी पेटीपर्यंतचे जिने उतरून उतरून गुडघे झिजवले. दोघांनाही एकमेकांचं म्हणणं पटलं आणि दोघांनीही ते तोंडावर म्हटलं नाही, मी कागदावर लिहिलं, तू आईला सांगितलंस. भावंडं आहोत हे सिद्ध झालं.

तुझा फोन मी उचलेन की नाही याची तुला भीती वाटते, असंही आई म्हणाली. उचलेन. पण फोन नको करूस.

सुट्टी काढून ये. आईला पायाची सवय करायची आहे, ती रोज सकाळी भिंतीला धरून चालणार आणि तिला पकडायला बाजूला माणूस लागणार. पण त्यासाठी ये असं मी म्हणत नाही. त्यासाठी काकू आहेत, मी आहे. इतक्या पत्रांत आईसाठी म्हणून मी तुझ्याकडे उत्तर मागत राहिले. या वेळी माझ्यासाठी ये. मी दमले आहे. मला कुणीतरी घरात आहे हे माहीत असताना झोपायचं आहे, पट्टी, ताप, पातेलं यांतलं काहीही कानाला न लावता, दुपार होईपर्यंत.

ड्रेसिंग कसं करायचं ते आई तुला सांगेल, आणि चुकलास तर दुप्पट सांगेल. शनिवारची गाडी पहाटे पोचते. दार वाजवू नकोस. किल्ली काकूंकडे ठेवली आहे. आत ये, पाणी तापत ठेव, आणि मला उठवू नकोस.

तुझी ताई